रिकाम्या खोलीत पाहायचं काय?

मांडणशिल्पं, म्हणजे अख्खी खोली किंवा जागाच कलाकृती म्हणून रचलेली कामं (इन्स्टॉलेशन), पाहताना जागेचा अंदाज का बिघडतो, याबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात या पानावर केलं होतं. पत्रं भरपूर आली. काही चिडून लिहिलेली आहेत आणि मला तीच जास्त मोलाची वाटली, कारण चिडलेल्या माणसाने ती खोली खरोखर अनुभवलेली असते. मी अनेक वर्षं रंगमंचावर प्रकाशयोजना केली. आता मुख्यतः कलादालनांमध्ये मांडणशिल्पांसाठी दिवे लावते. त्यामुळे उत्तरं दिव्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईची आहेत, समीक्षकाची नाहीत.

प्रश्न : एका प्रदर्शनात बराच वेळ रांगेत उभा राहून आत गेलो. आत निळा उजेड, बाकी काही नाही. भिंतीवर चित्र नाही, जमिनीवर शिल्प नाही. दोन मिनिटांत बाहेर आलो. यात पाहायचं काय होतं? मला फसवल्यासारखं वाटलं.
– एक निवृत्त शिक्षक

आधी मला एक सांगा. त्या खोलीची समोरची भिंत तुमच्यापासून किती अंतरावर होती? अशा खोल्यांच्या दाराबाहेर उभी राहून मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. कुणी दहा फूट म्हणतं, कुणी पन्नास. काहीजण थबकतात, कारण समोर भिंत होती की नव्हती हेच त्यांना सांगता येत नाही. एरवी आपण दिवसभर अंतरं जोखत असतो, खुर्चीपासून दारापर्यंत, पायरीपासून पायरीपर्यंत, आणि त्याचा विचारही करावा लागत नाही. इथे एका साध्या खोलीत ती सवय बंद पडली. तुम्ही ‘बाकी काही नाही’ असं लिहिलंत, तिथेच ही गोष्ट घडत होती.

अंतर कळण्यासाठी नजरेला काहीतरी धरायला लागतं. दोन भिंती मिळतात तो कोपरा, एखादी कड, सावली, रंगाचा पोपडा, खिळ्याचं भोक. हे सगळं काढून टाकलं, कोपरे गोलावले आणि उजेड सगळीकडे अगदी सारखा पसरवला, की डोळ्यांना स्थिर व्हायला जागाच राहत नाही. वोल्फगांग मेट्झगर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये याचे प्रयोग केले होते. सर्व बाजूंनी एकसारखा उजळलेला पृष्ठभाग समोर असेल तर माणसाला पृष्ठभाग दिसत नाही. भोवती धुकं भरल्यासारखं दिसतं, आणि ते धुकं किती खोल आहे हे त्याला सांगता येत नाही.

अमेरिकन कलावंत जेम्स टरेल (जन्म १९४३) कलेकडे येण्याआधी मानसशास्त्र शिकले. १९६८-६९ मध्ये रॉबर्ट आयर्विन हे कलावंत आणि एडवर्ड वॉर्ट्झ हे शास्त्रज्ञ यांच्यासोबत त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये अशाच एकसारख्या उजेडाचे आणि आवाज अजिबात न घुमणाऱ्या खोलीचे प्रयोग केले. पुढे त्यांनी उभारलेल्या ‘गांझफेल्ड’ (जर्मन शब्द, अर्थ ‘संपूर्ण क्षेत्र’) खोल्या त्यातून आल्या. तुम्ही पाहिलेली खोली कुणाची होती ते तुम्ही लिहिलं नाही, पण ती याच घराण्यातली दिसते.

ते करणं किती कठीण असतं हे मी जाणते. रंगमंचावर मागचा मोठा पांढरा पडदा, म्हणजे आमचा सायक्लोरामा, उजळताना वरून आणि खालून दिव्यांच्या रांगा लावून आम्ही एकेक डाग पुसत बसतो. कापडावर एक सुरकुती दिसली की आकाश गेलं आणि पडदा उरला. टरेल यांच्या खोलीत ही शिस्त सगळ्या बाजूंनी पाळलेली असते. शिवाय नाटकात प्रेक्षक दूर अंधारात बसलेला असतो. इथे तो त्या आकाशाच्या आत असतो, त्यामुळे चूक झाकायला जागाच नसते.

तुम्ही दोन मिनिटांत बाहेर आलात याचं मला वाईट वाटतं. आणखी थोडं थांबला असतात तर निळा रंग हळूहळू फिका पडून राखाडीकडे गेलेला दिसला असता. दिवा कुणी मंद केलेला नसतो. न बदलणाऱ्या उजेडाला डोळा सरावतो आणि त्याची दखल घेणं कमी करतो. मग बाहेर येऊन पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं असतं तर ती काही क्षण पिवळसर दिसली असती. टरेल यांचं १९८३ चं ‘प्लायडीझ’ हे काम तर जवळजवळ काळोखातच आहे. खुर्चीवर बसून दहा-पंधरा मिनिटं गेल्याशिवाय समोर काही आहे याचा पत्ता लागत नाही, कारण अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात.

पुढच्या वेळी असं करून पाहा. आत एकटे असाल तर दुसरं माणूस येईपर्यंत थांबा. ते चालत पुढे गेलं की त्याच्या उंचीवरून, त्याच्या पावलांवरून खोलीला एकदम लांबी मिळते. ते बाहेर गेलं की ती पुन्हा विरते. मला ही घटना कितीही वेळा पाहिली तरी पुरेशी वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. लहान जागा मोठी भासवणं, नसलेली भिंत जाणवून देणं, हे नेमकं कसं साधतात? सगळं आरशांवरच चालतं का?

आरसे हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग. तू शिकते आहेस ती विद्या याहून जुनी युक्ती जाणते. रोममध्ये पालाझ्झो स्पादा या वाड्यात फ्रान्चेस्को बोरोमिनी यांनी १६५३ च्या सुमारास एक खांबांची गॅलरी बांधली. तिची लांबी नऊ मीटरांनाही थोडी कमी आहे, पण समोरून ती तीस-पस्तीस मीटर वाटते. खांब मागे मागे ठेंगणे होत जातात, जमीन चढते, छत उतरतं. टोकाला जो पुतळा पुरुषभर उंच वाटतो तो जवळ गेल्यावर जेमतेम साठ सेंटिमीटर निघतो. त्याच शहरात सांत’इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्झो यांनी १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमट रंगवला. जमिनीवर एक संगमरवरी चकती बसवली आहे. तिथे उभं राहिलं की घुमट खरा वाटतो, आणि चार पावलं सरकलं की तो कलंडतो.

ही चकती लक्षात ठेव. जुन्या भ्रमाला प्रेक्षक एकाच जागी उभा हवा असतो. अडेल्बर्ट एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या वाकड्या खोलीतही, जिच्यात एका कोपऱ्यातलं माणूस राक्षसाएवढं आणि दुसऱ्यातलं बुटकं दिसतं, एका छिद्रातून एकाच डोळ्याने पाहावं लागतं. कारण दोन डोळे आणि चालणारे पाय मिळाले की बिंग फुटतं. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं आणि दोघांना जग किंचित वेगळं दिसतं. चालू लागलं की जवळच्या वस्तू झपाट्याने सरकतात, दूरच्या रेंगाळतात. या दोन गोष्टींवरून मेंदू अंतर मोजतो.

म्हणून मला आजच्या मांडणशिल्पांचा पराक्रम मोठा वाटतो. ती प्रेक्षकाला चालायला सांगतात आणि तरीही जागा बदलून दाखवतात. फेलिचे वारिनी हे स्विस कलावंत भिंती, खांब, जिने यांच्यावर रंगाचे सुटे तुकडे रंगवतात. एका ठरावीक जागेवरून ते जुळतात आणि हवेत एक अखंड वर्तुळ तरंगताना दिसतं. पोत्झोंची ही युक्ती त्यांनी उलटी वापरली आहे असं मी म्हणेन. तो बिंदू सापडण्याआधीचे आणि सुटल्यानंतरचे विस्कटलेले तुकडेही तितक्याच मनापासून पाहायचे असतात, आणि त्यातून इमारतीचे वळसे-कोपरे पहिल्यांदा नीट दिसतात.

पण तुला एकाच कलावंताचा अभ्यास करायचा असेल तर फ्रेड सँडबॅक यांचा कर. त्यांच्याकडे फक्त ॲक्रिलिकचा दोरा होता. जमिनीपासून छतापर्यंत दोन उभे धागे, वर आणि खाली त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा, एवढंच. मधे हवा. पण त्या चौकटीत काच बसवली आहे असं वाटतं, अगदी तिच्या चकाकीसकट. मी एका कार्यशाळेत मुलांकडून असाच दोरा ताणून घेतला होता. येणारी-जाणारी माणसं त्या चौकटीला वळसा घालून जात होती. आत शिरायला कुणी मनाई केली नव्हती. कडा पुऱ्या असल्या की मधला पृष्ठभाग मेंदू स्वतः भरतो. गाएतानो कानिझा या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये कागदावर तीन खाचा पाडलेल्या काळ्या चकत्या मांडून न काढलेला पांढरा त्रिकोण दाखवला, त्यामागे हेच आहे. कागदावरचा त्रिकोण आपण पाहतो आणि सोडून देतो. सँडबॅक यांच्या काचेपुढे मात्र पाऊल थांबतं. तुझ्या क्षेत्रात याहून महत्त्वाचं काय असेल? भिंत बांधायच्या आधी ती भिंत माणसाला कुठे अडवते हे दोऱ्याने कळतं.

प्रश्न : जत्रेतला आरसेमहाल आणि संग्रहालयातली आरशांची खोली यांत फरक काय? दोन्हीकडे माणूस चकतो आणि हसत बाहेर येतो. मग एकाला कला का म्हणायचं?

प्रश्न रोखठोक आहे आणि मला तो टाळायचा नाही. माझी कसोटी अशी : युक्ती कळल्यानंतर काय उरतं?

जपानमधल्या कानाझावा शहराच्या संग्रहालयात लेआंद्रो एर्लिच या अर्जेंटिनाच्या कलावंताने केलेला, २००४ पासूनचा पोहण्याचा तलाव आहे. काठावरून वाकून पाहावं तर पाण्याखाली माणसं कपड्यांसकट चालताना दिसतात. खरं पाणी फक्त दहा सेंटिमीटर, काचेवर धरलेलं. खाली निळ्या भिंतींची कोरडी खोली. हे कळायला अर्धा मिनिट पुरतं. पण सगळं कळल्यावर लोक खाली उतरतात आणि मान वर करून काठावरच्या अनोळखी माणसांना हात करतात, आणि वरचेही त्यांना हात करतात. आपण कुणाला तरी बुडालेले दिसतो आहोत हे माहीत असून तिथे उभं राहणं, हा अनुभव युक्ती उघड झाल्यावरच सुरू होतो.

दुसरं उदाहरण त्याहून कठोर. ब्रूस नाउमन या अमेरिकन कलावंताने १९७० मध्ये एक बोळ बांधला : लांबी सुमारे दहा मीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. टोकाला जमिनीवर एकावर एक ठेवलेले दोन टीव्ही. एकावर रिकाम्या बोळाचं आधी टिपलेलं चित्रण चालू. दुसऱ्यावर तुम्ही दिसता, पण कॅमेरा बोळाच्या तोंडाशी, उंचावर, तुमच्या पाठीमागे लावलेला. त्यामुळे स्वतःला पाहायला तुम्ही टीव्हीच्या जवळ जाता तसतशी तुमची पाठमोरी आकृती लहान होत जाते. काहीही लपवलेलं नाही, कॅमेरा दिसतो, तारा दिसतात. तरी आत चालताना पोटात कालवतं. डोळे म्हणतात दूर चाललो, पाय म्हणतात जवळ आलो, आणि दोन्ही खरं असतं.

यायोई कुसामा या जपानी कलावंत बाईंनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिली आरशांची खोली केली. त्यांच्या खोल्यांत मला भावते ती आरशाची मर्यादा. प्रत्येक परावर्तनात थोडा उजेड कमी होतो आणि काचेचा हिरवट रंग चढत जातो. म्हणून समोरासमोरच्या आरशांत दिसणारं ते ‘अनंत’ दूर जाताना मंद आणि हिरवं होतं, आणि प्रत्येक रांगेत तुमचा एक चेहरा असतो, मागे मागे काळोखात बुडत जाणारा. आज बऱ्याच ठिकाणी गर्दीमुळे आत जेमतेम मिनिटभर ठेवतात. संग्रहालयांची अडचण मी समजू शकते, पण एका मिनिटात तो शेवटचा हिरवट चेहरा शोधायला वेळ मिळत नाही, आणि मग ती खोली खरोखर आरसेमहालाएवढीच उरते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा रोख कामावर आहे, पण अर्धा ते दाखवण्याच्या पद्धतीवर हवा. आणि जत्रेतल्या आरसेमहालात कुणी शांतपणे तासभर थांबलं, तर त्यालाही बरंच काही मिळेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : अशा ठिकाणी फोटो काढावेत का?

आधी दहा मिनिटं काढू नका. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, आणि एका डोळ्याने पाहिलं की यातली बरीच कामं सपाट होतात किंवा आहेत त्याहून भव्य वाटतात. त्यानंतर खुशाल काढा.

प्रश्न : तिरप्या लोखंडी भिंतींमधून जाणारं एक मांडणशिल्प पाहताना मला गरगरलं. बरोबरच्यांना काही झालं नाही. माझ्यात काही दोष आहे का?
– एक वाचक, वय ६१

फक्त तिथेच गरगरलं आणि बाहेर आल्यावर थांबलं असेल, तर ते काम तुमच्या शरीराने नीट वाचलं असं मी म्हणेन. एरवीही, घरात किंवा रस्त्यात, तसं होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते मी इथून सांगू शकत नाही.

तोल आपण तीन ठिकाणांहून सांभाळतो : आतल्या कानातली तोलाची यंत्रणा, पाय आणि सांध्यांकडून येणारी जाणीव, आणि डोळे. डोळे उभ्या भिंतींवर फार विसंबतात. डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन यांनी १९७४ मध्ये याचा सुरेख प्रयोग केला. नुकतीच उभी राहू लागलेली बाळं एका खोलीत उभी केली. त्या खोलीच्या भिंती आणि छत टांगलेले होते, जमीन पक्की होती. भिंती थोड्या पुढे-मागे सरकवल्या, तर बाळं डगमगली, काही पडली. जमीन हलली नव्हती. समोरची भिंत जवळ आली की बाळाला वाटतं आपणच पुढे कलंडतो आहोत, म्हणून ते स्वतःला मागे सावरतं आणि बसकण मारतं. मोठ्यांमध्ये ही ओढ कमी होते, संपत नाही. काहींमध्ये डोळ्यांचा शब्द जास्त चालतो, काहींमध्ये पायांचा. बरोबरच्यांना काही झालं नाही, त्याचं हेही एक कारण असू शकतं.

रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराने याच ओढीवर मोठी कामं उभी केली. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात २००५ पासून त्यांची आठ प्रचंड पोलादी शिल्पं एका दालनात कायमची आहेत. भिंती साधारण चार मीटर उंच, एकसलग वळत जाणाऱ्या, कधी तुमच्याकडे झुकणाऱ्या तर कधी दूर कलणाऱ्या. बोळ अरुंद होतो तेव्हा माणसं नकळत खांदा आत घेतात. आत एक सरळ उभी रेघ नाही जिला नजरेने टेकावं. मग एकाएकी मोकळ्या मध्यात पोचतो आणि श्वास सुटतो. अशा कामात घाई केली की गरगरणं वाढतं. हळू चाला, एका हाताच्या अंतरावर भिंत ठेवा, फार वाटलं तर जमिनीवरच्या जोडाच्या रेघेकडे किंवा स्वतःच्या पावलांकडे पाहा. बाहेर पडायची लाज वाटू देऊ नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला दिसत नाही. मांडणशिल्प म्हणजे नजरेचा खेळ, असं सगळीकडे वाचते. तिला घेऊन जाण्यात अर्थ आहे का?

नक्की घेऊन जा. आणि तिथे तिला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा.

जागा कानांनीही कळते, आणि तुमच्या बहिणीला ते माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने कळत असणार. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी न पाहू शकणाऱ्या आणि डोळे बांधलेल्या माणसांना भिंतीकडे चालवून पाहिलं. भिंत जवळ आल्याचं त्यांना चेहऱ्यावर जाणवतं अशी तोवर समजूत होती. कान बंद केले तर ती जाणीव नाहीशी झाली. स्वतःच्या पावलांचा प्रतिध्वनी ते ऐकत होते.

जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावंत बाईंचं २००१ चं एक काम तिच्यासाठीच केल्यासारखं आहे. थॉमस टॅलिस या इंग्रज संगीतकाराने १६ व्या शतकात चाळीस स्वतंत्र गळ्यांसाठी एक प्रार्थनागीत रचलं. कार्डिफ यांनी प्रत्येक गळा वेगळा मुद्रित केला आणि चाळीस स्पीकर माणसाच्या उंचीवर लंबवर्तुळात उभे केले. मधे उभं राहिलं तर स्वरांची इमारत चारी बाजूंनी उभी राहते. एका स्पीकरजवळ कान नेला तर एकच माणूस, त्याचा श्वास, त्याचं खाकरणं. खोली तीच, पण प्रत्येक पावलागणिक तिचा आकार बदलतो. गाणं सुरू व्हायच्या आधी गायकांच्या आपसातल्या गप्पाही ऐकू येतात. तेव्हा तिथे गर्दी आहे असं वाटतं, आणि खोलीत कुणी नसतं.

वॉल्टर डी मारिया या अमेरिकन कलावंताने १९७७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ३३५ चौरस मीटर जागेत ५६ सेंटिमीटर उंचीपर्यंत काळी माती भरली. ती अजून तिथे आहे. आत पाय ठेवता येत नाही, दारातून पाहायचं. पण तिथे ओली माती नाकाला आधी कळते, हवा दमट लागते आणि शहराचा आवाज दबून जातो. रिचर्ड विल्सन यांच्या १९८७ च्या कामात खोली कमरेपर्यंत वापरलेल्या काळ्या इंजिन-तेलाने भरली होती. डोळसांना त्यात छताचं इतकं स्वच्छ प्रतिबिंब दिसे की तेलाचा पृष्ठभाग दिसतच नसे. वास मात्र खरं सांगत होता. म्हणजे तिथे नजर फसली आणि नाक फसलं नाही. तुमच्या बहिणीने असं काम ‘पाहिलं’ तर ती काय सांगेल ते मला खरंच ऐकायचं आहे. कळवा.

जाण्याआधी आयोजकांना फोन करून कुठल्या वस्तूंना हात लावता येतो आणि जमिनीत खड्डा किंवा उंचसखलपणा आहे का, हे विचारून घ्या.

प्रश्न : सार्वजनिक चौकात लोकांची वाट अडवणारं शिल्प उभं करण्याचा कलावंताला अधिकार असतो का?

सेरा यांचंच प्रकरण आठवतं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये त्यांची ‘टिल्टेड आर्क’ उभी राहिली : ३६ मीटर लांब, साडेतीन मीटरांहून उंच, किंचित कललेली पोलादी भिंत. रोज कचेरीत जाणाऱ्यांना वळसा पडू लागला. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १२२ जण शिल्प राहू द्या म्हणाले, ५८ जण हटवा म्हणाले, तरी समितीने हटवण्याच्या बाजूने कौल दिला आणि १९८९ मध्ये ते कापून नेलं. दुसरीकडे हलवण्याचा पर्याय सेरा यांना मान्य नव्हता. त्या चौकासाठी केलेलं काम चौकाबाहेर उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कामाबद्दल सेरा यांचं खरं होतं असं मला वाटतं. ती भिंत चौकाची रुंदी, तुमची घाई, तुमची नेहमीची वाट, सगळं अंगाला जाणवून देत होती. पण संग्रहालयात माणूस स्वतःहून येतो. चौकातून त्याला जावंच लागतं. तेव्हा जे रोज तिथून जाणार त्यांच्याशी आधी बसून बोलायला हवं होतं, भिंत उभी राहून चार वर्षं झाल्यावर नव्हे.

प्रश्न : ताई, आम्ही चौघी मैत्रिणी कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात मांडणशिल्प करणार आहोत. साहित्य फारसं नाही. सुरुवात कुठून करू?

त्या वर्गात एक पूर्ण दिवस काही न करता बसा. ऊन कुठून येतं, कुठवर सरकतं, दार उघडलं की कुठला आवाज आत येतो, पंखा बंद केला की काय ऐकू येतं, हे चौघींनी वेगवेगळं लिहून काढा आणि मग वह्या शेजारी ठेवा. साहित्य तिथेच सापडेल.

दारापासून काम सुरू होतं हे विसरू नका. लख्ख व्हरांड्यातून एकदम अंधाऱ्या खोलीत आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, आणि तुम्ही आठवडाभर खपून केलेला बारीक उजेड त्याच्यासाठी नसतोच. काळा पडदा लावून मधे एक वळण ठेवा, म्हणजे डोळे सरावत येतील. वळणामुळे खोली दारातून दिसतही नाही, आणि पुढे किती जागा आहे हे माहीत नसलेलं पाऊल सावध पडतं.

दिवा एकच वापरा. आधी तो दिसू द्या आणि काय होतं ते पाहा, मग लपवा आणि पाहा. बहुतेक नवशिके दिवा वस्तूवर रोखतात. तुम्ही तो भिंतीवर किंवा छतावर मारून परतलेल्या उजेडात वस्तू ठेवून पाहा. सावली गेली की वस्तूचं वजन जातं. सावली हवी असेल तर लहान तोंडाचा दिवा घ्या आणि वस्तू त्याच्या जवळ आणा, सावली भिंतभर होईल. प्रेक्षक दिवा आणि भिंत यांच्या मधून गेला तर त्याचीही सावली पडेल. ती हवी की नको हे आधीच ठरवा, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी गर्दीच ते ठरवेल.

आणि सुरक्षितता. जागेचा अंदाज बिघडवायचं काम हाती घेतलं की माणूस पडणार नाही याची जबाबदारीही आपली. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात टरेल यांच्या उजेडाच्या भिंतीला खरी समजून लोक टेकायला गेले आणि पडले, प्रकरण कोर्टात गेलं. अनीश कपूर यांच्या ‘डिसेंट इंटू लिंबो’ या १९९२ च्या कामात जमिनीतला खड्डा आतून इतका काळा आहे की वरून तो सपाट चकतीसारखा दिसतो. २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या प्रदर्शनात एक पाहुणा त्या अडीच मीटर खोल खड्ड्यात पडून जखमी झाला. तुमच्या वर्गात पायरी, उंबरा, जमिनीवरून गेलेली वायर असलं काही ठेवू नका. वायर चिकटपट्टीने भिंतीच्या कडेने न्या. आत एक मुलगी सतत उभी असू दे आणि मुख्य दिव्याचं बटण तिच्या हाताशी हवं. बाहेर जायची वाट अंधारातही सापडली पाहिजे.

पहिली चाचणी कलेशी संबंध नसलेल्या माणसावर घ्या, कॉलेजच्या शिपाईमामांना किंवा ग्रंथपालांना आत बोलवा. काही समजावू नका. ते कुठे थांबले, कुठे हात पुढे केला, कुठे वळून दाराकडे पाहिलं, तेवढं टिपून घ्या आणि त्याप्रमाणे दोरा, पडदा, दिवा हलवा. वर्गाची मापं, दाराची आणि खिडक्यांची जागा, आणि वीज कुठून घेणार हे दाखवणारा कच्चा आराखडा पुढच्या अंकाच्या आत पाठवलात, तर दिव्याची जागा आपण मिळून ठरवू.